उभं राहायचे पैसे मिळत नाहीत

तासिका तत्त्वावर इतिहास शिकवणाऱ्या माणसाला कुठलंच काम कमीपणाचं वाटत नाही. कमीपणाचा कोटा कॉलेजातच पूर्ण झालेला असतो. जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, सुट्टीत ठणठण गोपाळ, आणि "मागचं बिल कधी निघेल हो?" असं विचारलं की हेडक्लार्क पंख्याकडे बघतात. अशा माणसाला कुणी सांगितलं की दर आठवड्याला पैसे खात्यावर जमा होतात, तर तो काम काय आहे हे विचारायच्या आधीच होकार देतो. म्हणून मी पुण्यात संध्याकाळी घरोघर जेवण पोचवायचं काम धरलं.

प्राध्यापकी मिळायला सेट, नेट, पीएचडी आणि वर आणखी काय काय लागतं ते सर्वांना ठाऊक आहे. इथे लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पॅन, आधार, बँकेचं खातं आणि एक सेल्फी. काम सुरू! टी-शर्ट आणि पाठीवरची बॅग मिळते, पण तिचे पैसे पुढे कमाईतून हप्त्याहप्त्यानं कापून घेतात. पहिला रुपया हातात पडायच्या आधीच देणं डोक्यावर. टी-शर्ट घालून आरशासमोर उभा राहिलो तर बायको म्हणाली, "अहो, यात एक साइज मोठा नाही का मिळत?"

ट्रेनिंगचा व्हिडिओही पाहिला. त्यात एक देखणा मुलगा बेल वाजवतो, दार तत्क्षणी उघडतं, आतली बाई हसून थँक्यू म्हणते. व्हिडिओत वॉचमन नव्हता, लिफ्ट नव्हती आणि कुत्रा तर नव्हताच.

लोकांना वाटतं हे गाडी चालवायचं काम आहे. छे! गाडीवर बसतो तेवढीच काय ती विश्रांती. बाकी सगळं काम उभं राहायचं. आधी हॉटेलच्या काउंटरसमोर, मग सोसायटीच्या गेटवर, मग लिफ्टसमोर, शेवटी दारासमोर. पैसे मिळतात ते ऑर्डरचे आणि अंतराचे. उभं राहण्याचे मिळालेच तर चहाला पुरत नाहीत.

हे मला समजावलं नांदेडच्या एका पोरानं. बिर्याणीच्या एका नामांकित दुकानासमोर आम्ही पंधरावीस जण गाड्यांवर टेकून होतो. आत काउंटरवाला कुणाकडेही न बघता "झालंच, झालंच" म्हणत होता. मी शिक्षक आहे हे कळल्यावर पोरानं ताबडतोब मलाच शिकवायला घेतलं. "सर, ह्यो 'झालंच' म्हणला की येक चहा पिऊन यायचं. 'दोन मिनिट' म्हणला की गाडी धुऊन आणायची." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नाव मोठं असलेल्या हॉटेलापाशी थांबूच नका. डोसेवाला, पोळीभाजीवाला, रोलवाला जिथं जवळजवळ हायेत, त्या चौकात थांबा. आन् एकच एरिया धरा. सगळं पुणं फिरलात तर पेट्रोल पंपवालाच श्रीमंत होतो."

त्याचं म्हणणं मी कागदावर मांडून बघितलं. समजा, एका ऑर्डरचे ४० रुपये मिळाले. हॉटेलपर्यंत २ किलोमीटर, तिथून गिऱ्हाइकापर्यंत ४, आणि रिकाम्या हातानं चौकात परतायला ३. झाले ९. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडीचं ॲव्हरेज ४५ धरलं तर जवळपास २१ रुपये धुरात गेले. टायर, ऑइल, ब्रेक यांचे ५ बाजूला काढा. उरले १४. हा फेरा पाऊण तासात झाला तर तासाला १९ रुपये पडले, पंचवीस मिनिटांत झाला तर ३४. गाडी तीच, रस्ता तोच. फरक फक्त उभं राहण्याचा. स्क्रीनवर मात्र ४० असे ठळक दिसतात की माणूस हरखून जातो.

अर्थात, वर इन्सेन्टिव्ह असतो. ठरलेल्या ऑर्डरी पूर्ण केल्या की जास्तीचे पैसे. अनुभव असा की शेवटची एक ऑर्डर उरली की अख्ख्या कोथरूडची भूक मरते.

मुंबईच्या डबेवाल्यांचा मला हेवा वाटतो. १८९० पासून त्यांचं काम चालू आहे. रोज तेच घर, तेच ऑफिस, तोच डबा. आमच्या नशिबी दर वेळी नवा पत्ता. त्यात सदाशिव पेठ. तिथले घरक्रमांक ज्यानं दिले तो रस्त्यानं चालत गेला नव्हता, एवढं नक्की. एकदा ऑर्डर पडली उपाशी विठोबापाशी. देवाच्या नावाची लाज राखावी म्हणून घाईनं गेलो, तर फोनवरचे आजोबा म्हणाले, "खुन्या मुरलीधर माहीत आहे?" माहीत आहे म्हटलं. "मग तिथे अजिबात जाऊ नका. सगळे तिथेच जातात." वाड्याच्या दारात हातात घड्याळ घेऊन उभे होते. पिशवी घेतली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "चटणी वेगळी बांधलीय का? नाही ना? वाटलंच मला." एवढं बोलून दार बंद. पण खाली उभे राहिले होते, हे मी त्यांच्या खात्यात जमा धरतो.

बाणेर-हिंजवडीकडे देवळं खुणेला नसतात, टॉवर असतात. वॉचमन वहीत नाव, नंबर, वेळ लिहायला लावतो, वर फोन लावतो, वर कुणी उचलत नाही. "मेन लिफ्टनं नाही जायचं, सर्व्हिस लिफ्ट तिकडं." ती सर्व्हिस लिफ्ट नेमकी विसाव्या मजल्यावर कुणाचा तरी सोफा उतरवत असते. तेवढ्या वेळात पानिपतच्या तिन्ही लढाया शिकवून झाल्या असत्या.

पाऊस आला की रेट वाढतो. नांदेडच्या पोराची त्यामुळे गंमत होते. बापाला पाऊस शेतात हवा असतो, पोराला कोथरुडात. फोनवर दोघंही एकमेकांना एकच विचारतात, "तुमच्याकडं पडला का?"

एका दारात माझाच विद्यार्थी निघाला. हाफ पँट, विस्कटलेले केस. दोघंही क्षणभर गप्प. मग तोच म्हणाला, "सर, उद्या तास आहे?" मी म्हटलं, "आहे. आणि पनीर टिक्क्यावर जीव टाकणाऱ्यानं तासाला यायला हरकत नाही." दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बाकावर होता. मानधनानं जे झालं नाही ते पार्सलनं झालं.

आम्ही थोडेथोडके नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ साली असं ॲपवरचं आणि कामागणिक पैशाचं काम करणारे ७७ लाख होते. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आमचं नाव आलं आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम आमच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, असं तिच्यात आहे. इतिहासाचा माणूस म्हणून मी त्याचं स्वागत करतो. फक्त गेटवर उभं राहण्याचं काय, हे तिथेही कुणी लिहिलेलं नाही.

ते तुमच्या हातात आहे. बक्षिशी द्याल तर आनंदानं घेऊ, नाही दिलीत तरी राग नाही. पण पत्त्यात विंग आणि मजला लिहा, ऑर्डर येणार असेल तेव्हा फोन उचला, आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा. याला तुमचा एक पैसा लागत नाही, आणि डोसाही कुरकुरीत पोचतो.