‘फिक्स’ म्हणजे नेमकं काय केलंत?

‘फिक्स’. ‘परत फिक्स’. ‘फायनल’. ‘फायनल २’. ‘रिव्ह्यू कमेंट्स’. कुठल्याही टीमच्या रिपॉझिटरीचा लॉग उघडा, अशा कमिटची रांग लागलेली दिसेल. लिहिणारे हुशार असतात, कोडही चालतो. पण सहा महिन्यांनी एखाद्या ओळीपाशी कुणी अडलं आणि ‘हे असं का केलंय?’ म्हणून गिट ब्लेम चालवलं, तर हाती लागतं ‘फिक्स’. ज्यानं लिहिलं त्यानं तोवर नोकरी बदललेली असते.

हे चालवून घेता कामा नये. कमिटचा इतिहास नीट ठेवणं ही वेळ मिळाला तर करायची टापटीप नाही. पगार ज्या कामाचा मिळतो, त्याच कामाचा तो भाग आहे.

सातबारा पाहिलेल्याला हे पटकन कळेल. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते उताऱ्यावर दिसतं. ती त्याच्याकडे खरेदीनं आली की वारशानं, हे कळायला फेरफार काढावा लागतो. कोड हा उतारा, कमिट हा फेरफार. फेरफारात नुसतं ‘बदल केला’ असं लिहिणाऱ्या तलाठ्याला गाव सोडेल का?

चांगला कमिट कसा उपयोगी पडतो, ते बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्स कर्नलमधला ‘डर्टी काऊ’ हा बग जगजाहीर झाला. जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे, तिच्यात साध्या वापरकर्त्याला लिहिता येत होतं, आणि तिथून थेट रूटचे अधिकार मिळवता येत होते. दुरुस्ती लिनस तोरवाल्ड्स यांनी केली. त्यांच्या कमिटचा मेसेज प्रत्येक प्रोग्रॅमरनं एकदा तरी वाचावा. बग फार जुना आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करायला गेलो होतो आणि ते नीट जमलं नव्हतं, हे त्यांनी सरळ लिहिलंय. ती दुरुस्ती का मागे घ्यावी लागली, तेही आहे: एस३९० या आयबीएमच्या मेनफ्रेमवर अडचण आली होती. दोन्ही जुन्या कमिटचे क्रमांक दिलेत. मेनफ्रेमची अडचण केव्हाच सुटली आहे आणि तेव्हा निव्वळ कागदावर वाटणारा धोका आता अधिक सहज घडवता येतो, हेही सांगितलंय. एवढं सगळं एका मेसेजात.

अकरा वर्षांपूर्वीचं हे कारण क्रमांकानिशी मांडता आलं, ते २००५ चे दोन्ही कमिट वेगवेगळे आणि ओळखू येतील असे होते म्हणून. गिट त्याच वर्षी एप्रिलमध्ये जन्माला आलं होतं. त्या दोन कमिटवर ‘फिक्स’ आणि ‘परत फिक्स’ एवढंच असतं, तर मेनफ्रेमची गोष्ट पुन्हा कुणाच्या तरी आठवणीतून उकरून काढावी लागली असती.

दुसरा फायदा रोजच्या कामाचा आहे. गिट बायसेक्टला एक चालणारा कमिट दाखवा आणि एक बिघडलेला. ते मधला काढून देतं. तुम्ही तपासायचं आणि चाललं की बिघडलं ते सांगायचं, की निम्मे कमिट बाद. हजार कमिटमधून दोषी शोधायला साधारण दहा चाचण्या पुरतात, दहा लाखांमधून वीस. लिनक्स कर्नलनं दहा लाख कमिटचा टप्पा २०२० मध्येच ओलांडला, म्हणजे हा हिशोब तिथे खरोखर उपयोगाचा आहे. अट एकच: प्रत्येक कमिट आपापल्या जागी बिल्ड झाला पाहिजे. ‘घरी जातोय, उरलेलं उद्या’ म्हणून ढकललेला अर्धवट कमिट मधे आला की चाचणी खोळंबते. आणि दोषी कमिट सापडलाच, पण त्यात साठ फायली, फॉरमॅटिंग, लायब्ररीचं अपग्रेड आणि नवं फीचर एकत्र कोंबलेलं असेल, तर सापडून उपयोग काय?

काही जण म्हणतात, जसं घडलं तसंच ठेवावं, इतिहासात फेरबदल म्हणजे खोटेपणा. मला हे मान्य नाही. तुमचा विसरलेला स्वल्पविराम आणि मग घातलेला स्वल्पविराम यात पुढच्या माणसाला काडीचा रस नाही. त्याला काय बदललं आणि का बदललं, एवढंच हवंय. मात्र तीन आठवड्यांची ब्रँच स्क्वॉश करून एकच अगडबंब कमिट करणं ही स्वच्छता नव्हे. छोटं, एकाच गोष्टीचं काम असेल तर खुशाल स्क्वॉश करा. मोठ्या कामात मात्र एक विचार, एक कमिट. गिट ॲडला पी हा पर्याय देऊन बदल तुकड्यातुकड्यानं निवडा. मागाहून सुचलेली डागडुजी फिक्सअप म्हणून नोंदवा आणि शेवटी इंटरॅक्टिव्ह रिबेसमध्ये ऑटोस्क्वॉशनं जिथल्या तिथे बसवा.

हे सगळं करायचं ते ब्रँच आपल्या एकट्याची असेपर्यंतच. रिबेस केलं की कमिटचे क्रमांक बदलतात, आणि जुन्या क्रमांकांवर ज्यांनी काम उभं केलं त्यांचा दिवस वाया जातो. सामाईक ब्रँचवर रिबेस करणाऱ्याला टीमनं तिथल्या तिथे टोकलं पाहिजे. आपल्याच ब्रँचवर जोर लावून पुश करायची वेळ आली, तर नुसतं फोर्स नको, फोर्स विथ लीज वापरा. मधल्या वेळात तिथे दुसऱ्या कुणाचं काम येऊन पडलं असेल, तर ते पुश थांबवतं.

मेसेज लिहायला पाच मिनिटं लागतात. वरच्या ओळीत ‘पेमेंट: टाइमआउटनंतर विनंती पुन्हा पाठवू नका’ असं लिहा. एक ओळ सोडून खाली कारण द्या: बँकेचं उत्तर उशिरा आलं की तीच विनंती दुसऱ्यांदा जात होती आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जात होते. बस. दोन वर्षांनी एखादा उत्साही नवा मुलगा ‘इथे रिट्राय का नाही?’ म्हणून तो घालायला निघेल, तेव्हा हाच मेसेज त्याला अडवेल.

मॅनेजर मंडळींनाही सांगणं आहे. अप्रेझलमध्ये कमिटची संख्या मोजणं बंद करा. आकडा मोजलात की माणसं आकडाच वाढवणार. त्यापेक्षा रिव्ह्यूमध्ये कोडसोबत मेसेजही वाचा, आणि कारण लिहिलेलं नसेल तर परत पाठवा.

आज पुश करण्याआधी स्वतःचा लॉग वरून खाली एकदा वाचा. तुमच्या टीममध्ये उद्या येणाऱ्या माणसाला त्यातून काय केलं आणि का केलं ते कळत नसेल, तर काम अजून संपलेलं नाही. पुश करू नका.