डावीकडची भिंत

टोकियोहून रोज रात्री मला हवामानाचे नकाशे येतात. हे वाक्य मी आमच्या धारणी गावात दिसेल त्याला ऐकवलं आहे. पानठेल्यावर, बँकेच्या रांगेत, एकदा तर मयतीहून परत येताना. वाक्य खोटं नाही. जपानचं हवामान खातं हे नकाशे समुद्रातल्या जहाजांसाठी शॉर्टवेव्हवर सोडतं आणि माझ्यासारखे रिकामटेकडे ते मधल्या मधे झेलतात, एवढा तपशील तेवढा मी गाळतो. 'मला येतात' म्हटल्यावर लोक ज्या नजरेनं बघतात, तसं 'मी झेलतो' म्हटल्यावर बघत नाहीत.

समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्या तालुक्यातून समुद्रापर्यंत पोचते ती एकटी तापी, आणि तीही सुरतेकडून. तरी प्रशांत महासागरात आज कुठं वादळ आहे ते मला ठाऊक असतं. घरातली गव्हाची कोठी किती भरली आहे ते ठाऊक नसतं, असं ही म्हणते.

माझी सामग्री म्हणजे सेलवरचा रेडिओ, शेजारी ठेवलेला मोबाईल आणि खिडकीतून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत ताणलेली तार. तारेवर लुगडी वाळतात. ओल्या लुगड्यानं जपान कमजोर येतो, हा माझा शोध घरात कुणी मानत नाही. स्टेशन 7795 किलोहर्ट्झवर आहे, पण काटा लावायचा 7793.1 वर, 1.9 खाली. ही 1.9 ची गोष्ट सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो, गुरुमंत्र दिल्यासारखा. मग सुतारानं रंधा मारावा तसा आवाज सुरू होतो, सेकंदाला दोनदा, मिनिटाला 120 रेघा. 2300 हर्ट्झचा सूर पांढरा, 1500 चा काळा. मोबाईल सूर ऐकतो आणि रेघेखाली रेघ मांडत जातो. पहिला नकाशा आला तेव्हा जपान असा तिरपा झाला होता की मी त्याला आधार द्यायला मान वाकडी केली. मोबाईलचं घड्याळ तिकडच्या घड्याळाशी केसभर जुळत नव्हतं, एवढंच.

लाईट असली की गल्लीतले एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि मिक्सर मिळून जपानवर मुरमुरे उधळतात. लाईट गेली की आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. त्यामुळे अंधार पडताच आख्खी गल्ली कपाळाला हात लावते आणि एका घरातून "वा!" असा आवाज येतो. शेजारची मामी अजून विचारते, "मास्तर, लाईट गेल्यावर तुमाले येवढा कायचा आनंद होते?"

हवामान सांगणाऱ्यांचा मला मत्सर वाटतो, आणि सर्वांत जास्त भेंडवळचा. बुलढाण्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, आमच्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यांचं रिंगण, मधे खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने. त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, करंजी, पापड, कुरडई. रात्री तिथं कुणी थांबत नाही. पहाटे बघायचं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा कुठं सरकला. खरं-खोटं काय ते विज्ञानवाले बघोत, माझा जीव त्या घागरीत अडकला आहे. घागर म्हणजे समुद्र! वऱ्हाडाला समुद्र नाही, तर वऱ्हाडानं तो कुंभाराकडून आणला. आणि वर पुरी ठेवली, ती पृथ्वी. मला तर यात सगळ्यात आवडतो तो पापड. टोकियोच्या नकाशात समदाब रेषा आहेत, 'एच' आहे, 'एल' आहे, पापड कुठं आहे? शिवाय भेंडवळला पहाटे ऐकायला गावोगावचे शेतकरी जमतात. माझ्या नकाशाला प्रेक्षक दोन: मी आणि पाल.

तर टोकियोचा असा एक नकाशा मी छापून भिंतीला चिकटवला. मामी बघायला आली.

"याच्यात आपली धारनी कुठी हाय?"

नकाशाच्या मधोमध जपान. डाव्या कडेला आशिया संपण्याआधी कागदच संपतो. मी कडेपासून वीतभर पुढे भिंतीवर पेन टेकवला. "इथं येईल, अंदाजे."

"थे तं भित हाय."

मी हसलो, पण ते वाक्य रुतून बसलं. आपल्या बाजूचे असेच नकाशे एके काळी दिल्लीहूनही सुटत, 14842 किलोहर्ट्झ ही जागा जुन्या याद्यांत अजून सापडते. आता मोबाईलवर सगळं मिळतं म्हणतात. मिळतं, टॉवर चालू असला की. मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक पोरगी नऊ दिवस आली नाही. नाल्याला पूर होता. नऊ दिवस त्या गावाची कसलीच खबर नाही, फोन मुके. आणि मी रोज रात्री सहा हजार किलोमीटरवरच्या वादळाची वाट पेन्सिलीनं आखत होतो. दहाव्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "सर, भाऊ झाला. घरीच झाला." तिची आई ठीक होती. मी हजेरीत नऊ गैरहजेऱ्या पुसल्या, ते नियमात बसत नाही.

परवा, मे संपता संपता, मामीनं गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या. मी नकाशा पाहून सांगितलं, "पाऊस नाही." तिनं आभाळ पाहून सांगितलं, "आज काही येत नाही." आमचं दोघांचं पहिल्यांदाच जुळलं. रात्री दहाला वारा सुटला, लाईट गेली आणि आम्ही सगळे अंधारात मिरच्या गोळा करत होतो. ही खालून ओरडत होती, "अहो, ती तार आधी काढा! वीज पडंल घरावर!" तार तशीच राहिली, रेडिओ चालूच.

सकाळी मोबाईल उघडला. जपान सरळ उभा होता, पण त्याच्यावरून आडव्या काळ्या रेघा गेलेल्या, कुठं एक, कुठं तीन-तीन जोडून.

डोळे चोळत मामी आली, हाताला मिरचीचा वास. "ह्या रेघा कायच्या?"

"रात्रीच्या विजा. कडकडाट झाला की रेघ उमटते."

"म्हंजे आपल्या इथल्या?"

"इथल्याच."

तिनं चष्मा चढवला आणि बोटानं मोजायला लागली.