दोन वॅटांचा थाट

कोल्हापुरात कुठल्याही यंत्राला आधी कामधंदा विचारतात. उद्यमनगरात ओतलेल्या प्रत्येक नगाची कुठला तरी पंप, कुठला तरी ट्रॅक्टर, नाहीतर उसाचा एखादा चरक वाट पाहत असतो. त्यामुळे वाफेच्या छोट्या इंजिनासाठी तळहाताएवढ्या फ्लायव्हीलचा सागवानी पॅटर्न घेऊन मी फाउंड्रीत गेलो, तेव्हा आबांनी तो दोन बोटांत धरून फिरवला आणि विचारलं, "मास्तर, ह्यो फिरून करनार काय?"

"काही नाही. नुसता फिरणार."

"आणि वजनावर बिल लावलं, तर माझा चहा तरी सुटंल काय?" असं म्हणत त्यांनी पंपाच्या केसिंगशेजारी, पेटीच्या कोपऱ्यात त्याला जागा दिली. बीड थंड होताना शंभराला साधारण एक या हिशेबानं आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा केलेला होता. आबांनी तेवढं मात्र पट्टी लावून तपासलं. नगाचा उपयोग नसला तरी माप चुकलेलं त्यांना खपत नाही.

घरी मागच्या पडवीत माझा छोटा लेथ आहे. बीड त्यावर चढवलं की पहिला कट दबकत घेऊन चालत नाही. ओतीव कामाची वरची साल कडक असते, तिच्यात वाळूचे कण अडकलेले असतात. वरवर खरवडत बसलं तर टूलची धारच जाते. सालीच्या खाली जाईल असा एकच दणदणीत कट घ्यायचा. साल निघाली की आतलं बीड अगदी गुणी. त्यातल्या ग्राफाइटमुळे ते कोरडंच कापलं जातं, कूलंट लागत नाही. फक्त त्याची काळी भुकटी उडते आणि ती बनियनपासून देवघरातल्या निरांजनापर्यंत सर्वत्र संचार करते. आमच्या घरात वाफेच्या इंजिनाला झालेला खरा विरोध हा या भुकटीमुळे. तत्त्वाचा मुद्दा नंतर निघाला.

इंजिन अगदी साध्या जातीचं, डुलणारं. त्याला वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच एका खिळीवर डावी-उजवीकडे डोलतो. त्याच्या अंगावरचं एक भोक कधी वाफ येण्याच्या भोकासमोर येतं, कधी जाण्याच्या. सिलिंडर पितळेचा, आतला व्यास 12 मिलिमीटर, स्ट्रोक 16. मागे एक स्प्रिंग असते, ती त्याला समोरच्या पाटीशी दाबून धरते. या दोन सपाट पृष्ठभागांमधून वाफ निसटली की खेळ खलास. म्हणून जाड काच घ्यायची, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरायचा आणि पितळेचा तुकडा इंग्रजी आठचा आकडा काढत घासत बसायचं. उंचवटे आधी धुरकट होतात, खळगे टूलच्या रेघांसकट चकाकत राहतात. ती शेवटची चकाकी एका कोपऱ्यात जाऊन बसते आणि तिथून हलता हलत नाही. या कामात घाई करणाऱ्याला कोपरे गोल झालेले मिळतात. ज्याला दुपारभर कोणी हाक मारत नाही, त्यानंच हे काम हाती घ्यावं.

लहान म्हणजे सोपं, असा एक समज आहे. 1776 च्या सुमारास जॉन विल्किन्सननं जेम्स वॉटच्या इंजिनांसाठी सिलिंडर बोअर करून दिले. त्यातल्या 50 इंची सिलिंडरचा फरक जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही नाही, याचं वॉटच्या भागीदाराला, बोल्टनला, केवढं कौतुक! शिलिंगची जाडी म्हणजे मिलिमीटरभर धरा. माझ्या सिलिंडरात मिलिमीटरभर फट ठेवली, तर पिस्टन आत खडखडेल आणि वाफ बाजूनं निघून जाईल. इथे दोन शतांश मिलिमीटरच्या गोष्टी. विल्किन्सनचं यंत्र थोर होतंच, पण 50 इंचांत चुकायला ऐसपैस जागा असते.

वॉटची सगळी कहाणीसुद्धा मुळात एका न चालणाऱ्या मॉडेलपासून सुरू होते. 1763-64 च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेनच्या इंजिनाचं छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. दोन इंची सिलिंडर. चार झटके मारायचं आणि बॉयलरची सगळी वाफ संपवून बसायचं. खाणीतली मोठी इंजिनं चालत होती, हेच का अडतं? आकार निम्मा केला की पोटातली जागा आठव्या हिश्श्यावर येते, पण भिंती मात्र चौथ्या हिश्श्यावरच थांबतात. म्हणजे वाफ थोडी आणि तिला गार करणाऱ्या भिंती फार. त्यात न्यूकोमेनची रीत अशी, की प्रत्येक झटक्याला सिलिंडरातच गार पाणी मारायचं. मोठ्या इंजिनात जी उधळपट्टी खपून जात होती, ती या खेळण्यानं उघडी पाडली. 1765 मध्ये वॉटला वेगळ्या कंडेन्सरची युक्ती सुचली आणि पुढचं सगळं झालं. विद्यापीठानं ते मॉडेल 'याचा उपयोग काय' म्हणून भंगारात दिलं असतं तर? हा मुद्दा मी घरी मांडून पाहिला.

"अहो, ते वॉटचं झालं. तुमच्यावर चटणी तरी वाटली जाईल का?"

मी कागद घेतला. एक बार दाब, पिस्टनच्या तोंडावर साधारण सव्वाअकरा न्यूटन जोर, मिनिटाला सहाशे फेरे. घर्षण, गळती सगळं माफ केलं तरी दोन वॅटसुद्धा पुरते भरेनात. आमचा मिक्सर 500 वॅटचा. म्हणजे चटणीसाठी किमान अडीचशे इंजिनं लागली असती, आणि तेवढं बीड ओतायचं म्हटल्यावर आबांचा चहा एकदाचा सुटला असता.

खरी मौज वेगळीच आहे. माझा लेथ विजेवर चालतो. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा अजून कोळशावरचा. चंद्रपूर, कोराडी, परळी इथे कोळसा जाळून पाणी उकळतात आणि त्या वाफेनं टर्बाइन फिरवतात. कोयना आम्हाला जवळ आहे खरी, पण तारेतली वीज कुठल्या गावची हे सांगता येत नाही. पार्सन्सनं 1884 मध्ये टर्बाइन बनवलं आणि पिस्टनवाल्या इंजिनांचे दिवस हळूहळू भरले. वाफ मात्र कामावरच आहे. चंद्रपुरात अजस्र भट्ट्या पेटवून, सगळ्या राज्यात तारा ओढून, कोल्हापुरातल्या एका पडवीत दोन वॅटांचं वाफेचं इंजिन बनवायचं! असा द्राविडी प्राणायाम हिशेबी माणसानं केला नसता.

बॉयलर तांब्याच्या नळीचा. त्याला कथलाची डाक चालत नाही. कथील-शिशाचं मिश्रण 183 अंशांच्या आसपास वितळतं, आणि आतलं पाणी संपून नुसती ज्योत लागली तर तापमान तिथवर जायला वेळ लागत नाही. म्हणून चांदीची झाळ. मग तो गच्च पाण्यानं भरून, कामाच्या दुप्पट दाब देऊन तपासायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर चूळ भरल्यासारखं पाणी येतं, स्फोट होत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह तर हवाच. थट्टेचा विषय इथे संपतो.

पहिली वाफ सोडली ती आबांच्या समोर. इंजिन फिरलं नाही, थुंकलं. सिलिंडर गार, वाफेचं तिथल्या तिथे पाणी. बोटानं फ्लायव्हील ढकलत राहायचं, गरम पाण्याच्या चिळकांड्या मनगटावर घ्यायच्या. ग्लासगोत वॉटला भेटलेला तोच उधळा स्वभाव. मग पितळ तापलं, थुंकणं थांबलं आणि चाकाचे आरे दिसेनासे झाले. तापलेल्या तेलाचा वास पडवीभर. सौभाग्यवती दारात आल्या आणि चटणीचं नाव न काढता उभ्या राहिल्या.

आबा उकिडवे बसून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता पुन्हा उपयोग विचारणार.

"मास्तर, ह्यो उलटा फिरंल काय?"

फिरेल. वाफ येण्याची आणि जाण्याची वाट अदलाबदल केली की झालं. त्यासाठी मध्ये एक लहान ठोकळा बसवावा लागेल, हँडलवाला.

"मग बसवा की. सुलटा तर कुनीबी फिरवतोय," आबा म्हणाले, आणि पितळेचा तुकडा आपल्याकडे पडलाय म्हणून फाउंड्रीत फोन लावू लागले.