सगळ्यांना एकदम गरम

मराठी घरात नाश्त्याला बसतात ते खाणारे. करणारी उभीच असते. घावन, आंबोळी, थालीपीठ, धिरडं ही मंडळी तव्यावरून एकेकटी उतरतात आणि उतरल्या उतरल्या कुणाच्या तरी ताटलीत जाऊन विसावतात. ‘गरम आहे तोवर खाऊन घ्या’ असं सांगणारीच्या वाट्याला शेवटचं धिरडं येतं. भांड्याच्या तळाशी राहिलेल्या पिठाचं, नकाशावरच्या एखाद्या दुर्लक्षित बेटाच्या आकाराचं. ते ती ओट्याला टेकून, दुसऱ्या हाताने गॅस पुसत खाते. पोहे आणि उपमा एकदम होतात हे खरं. पण मग खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, शेव आणि आग्रह हे सगळं वेगवेगळं वाढावं लागतं. माझ्या आईला कांदा चिरताना, फोडणीला टाकताना, वाढताना आणि डबे भरताना मी आयुष्यभर पाहिलं. नाश्त्याला बसलेली मात्र, तिची पंचाहत्तरी झाली तरी, पाहिल्याचं आठवत नव्हतं.

तिला बसवलं ते पेन्सिल्वेनियातल्या एका पदार्थाने.

माझी भाची तिकडे राहते, लँकेस्टर परगण्याला लागून. तो मुलूख आमिश लोकांचा. तारेवरची वीज घरात न घेणारे, मोटार न बाळगणारे, करड्या टपाच्या घोडागाडीतून बाजाराला जाणारे हे शेतकरी. त्या भागातल्या जुन्या घरगुती न्याहारीचा एक प्रकार भाचीने उचलला आहे. ओट्स दुधात कालवायचे, त्यात फळं, अंडं, दालचिनी घालायची, सगळं चौकोनी भांड्यात ओतून ओव्हनमध्ये ठेवायचं, आणि फुलून खरपूस झालं की वड्या पाडून वर गार दूध ओतून खायचं. “मावशी, यात करायचं काहीच नसतं,” असं सांगत तिने माझ्यापुढे वाफाळती बशी ठेवली. खाली रस्त्यावरून एक घोडागाडी टापा वाजवत चालली होती. मी चमचा तोंडात घातला आणि त्या घोड्याकडे पाहिलं. खुराकाच्या बाबतीत आम्ही दोघं त्या क्षणी एकाच पंक्तीला होतो.

हा घोडा ओट्सचा पिच्छा फार जुन्या काळापासून पुरवत आलेला आहे. सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज पंडिताने १७५५ साली आपला मोठा शब्दकोश छापला, त्यात ओटचा अर्थ देताना त्याने उत्तरेकडच्या शेजाऱ्यांना चिमटा काढून ठेवला: इंग्लंडात हे धान्य घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात त्यावर माणसं जगतात, अशा आशयाचा. मला यात जॉन्सनपेक्षा त्याच्या लेखनिकांबद्दल जास्त कुतूहल आहे. ते सहा जण होते आणि त्यांतले पाच स्कॉटिश होते. सकाळी ओटची लापशी खाऊन कामाला आलेल्या त्या बापड्यांपैकी कुणाच्या हातून ती ओळ कोशात गेली असेल, आणि त्याने ती कोणता चेहरा करून लिहिली असेल? शाईत थोडं जास्त पाणी घातलं असेल का? मालकाच्या विनोदाला हसावं तर पोट रुसणार, न हसावं तर मालक.

आपल्याकडे तर घोड्याऐवजी म्हैस आहे. ओट म्हणजे रब्बीतला हिरवा चारा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा त्याचा वाण गोठेवाल्यांना ठाऊक असतो. सकाळी डॉक्टरांच्या सल्ल्याने ओट्स गिळणाऱ्याला तो ठाऊक असायचं कारण नाही. एकाच पिकाचा पाला गोठ्यात आनंदाने रवंथ केला जातो आणि त्याचा दाणा तिसऱ्या मजल्यावर दुःखी मुद्रेने, कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टकडे बघत. म्हशीला रिपोर्ट नसतो, एवढाच काय तो फरक.

पुण्याला परतल्यावर मी तो घाट घातला. ओट्स आणले, जाडे, सबंध पाकळ्यांचे. झटपट होणारे बारीक घेतले तर ओव्हनमधून खळ निघते. आईने पाकीट उघडून दोन पाकळ्या चिमटीत धरल्या, उजेडात पाहिल्या आणि म्हणाली, “पोहेच की!” निदान बरोबर होतं. पोह्यांसाठी भात भिजवून, भाजून, कांडून चपटा करतात; ओटचा दाणा सोलून, वाफवून लोखंडी रुळांमधून काढतात. ओहायओतल्या अ‍ॅक्रन गावी फर्डिनंड शूमाकर या जर्मनीहून आलेल्या गृहस्थाने १८५६ च्या सुमारास ओटची गिरणी घातली आणि घोड्याच्या तोबऱ्यातलं हे धान्य अमेरिकन माणसाच्या बशीत आणायला हातभार लावला. वाफवायचं कारण साधं आहे. ओटमध्ये तेलाचा अंश बराच, आणि ते तेल खवट करणारं द्रव्यही त्याच दाण्यात दबा धरून बसलेलं. वाफेने ते निकामी होतं. म्हणजे पाकिटातला ओट अर्धा शिजूनच आपल्याकडे येतो.

पण पोहे म्हटले की हात आपोआप नळाकडे जातो. मी अंजीर धुऊन वळेपर्यंत आईने ओट्स रोवळीत घेऊन दोन पाण्यांतून काढले होते आणि आता ती त्या रोवळीकडे संशयाने पाहत होती. पोहे धुतले की मोकळे होतात. हे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. बोटं वर घेतली तर चिकट तार आली. “हे भेंडीच्या घराण्यातलं दिसतंय,” ती म्हणाली. त्या तारेला शास्त्रज्ञ बीटा-ग्लुकन म्हणतात, आणि हृदयाला ती चांगली असं ओट्सच्या खोक्यावर छापायची मुभा अमेरिकन सरकारने १९९७ मध्ये दिली. आईला हे सांगितलं. तिने हात धुतले, तार गेली नाही, पुन्हा धुतले, आणि हृदयाला जे चिकटतं ते बोटांना का सोडत नाही असं विचारलं. 

नवे दोन कप ओट्स घेतले. दोन कप दूध, पाव कप साखर, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, दालचिनीची पूड, तीन चमचे पातळ केलेलं तूप. गूळ घालायचा माझा विचार आईने जागीच मोडून काढला: “दूध नासवायचंय का?” अंडं ती खात नाही, म्हणून जवसाची पूड कोमट पाण्यात भिजवली. चटणीपुरता ओळखीचा असलेला जवस दहा मिनिटांत बुळबुळीत होतो आणि मिश्रणाला धरून ठेवण्याचं अंड्याचं काम कुरकुर न करता करतो.

खरा वाद झाला फळांवरून. मार्चचे दिवस होते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या हंगामाच्या शेवटाकडे आलेल्या, म्हणजे दिसायला बारीक आणि चवीला प्रामाणिक; आणि पुरंदरच्या अंजिरांचा मीठा बहार बाजारात. “इतकं चांगलं फळ शिजवायचं कशाला?” हा आईचा प्रश्न. तिच्या मते फळ शिजतं ते दोनच कारणांनी: ते टिकवायचं असेल तर, म्हणजे साखरांबा, आणि सत्यनारायण असेल तर, म्हणजे शिऱ्यातलं केळं. शिवाय दूध आणि फळ एकत्र नको, आयुर्वेदात सांगितलंय. मी हळूच शिकरणाचा विषय काढला. आई गप्प झाली. आयुर्वेदाने नको म्हटलेलं दूध-केळं पिढ्यान्‌पिढ्या पोळीशी खाऊन टुणटुणीत राहिलेल्या समाजापुढे वैद्यांनीच हात टेकले असावेत. शेवटी तिने तडजोड म्हणून अंजीर चिरायचं काम स्वतःकडे घेतलं. देठाकडून दोन छेद, पण बुडाशी फळ अखंड. मग अंगठ्याने खालून हलकेच दाबलं की चार पाकळ्या उघडतात आणि आतला गुलाबी, बारीक बियांचा कल्लोळ बाहेर बघायला लागतो. वाद घालणाऱ्या माणसाच्या हाताखाली फळं इतक्या प्रेमाने उमलू नयेत, पण उमलली. तळाशी केळ्याच्या चकत्या, वर कालवण, त्यावर अर्ध्या केलेल्या स्ट्रॉबेऱ्या, आणि चार कोपऱ्यांत व मध्ये अंजिरं, रांगोळीच्या ठिपक्यांच्या शिस्तीने.

ओव्हन १८० वर, वरची आणि खालची दोन्ही कांबी लावून, चाळीस मिनिटं. दार लावलं आणि स्वयंपाकघरात एकदम पोकळी झाली.

ढवळायचं नाही, परतायचं नाही, झाकण काढून बघायचं नाही. सकाळी साडेसातला दोन बायका आणि चार रिकामे हात. गॅस बंद, तवा जागेवर. आई एकदा ओट्याकडे जाऊन आली, एकदा फ्रिज उघडून बंद केला. मग खुर्ची ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसली, आणि मांडीवर मटारच्या शेंगा घेतल्या. मटार त्या दिवशी करायचाच नव्हता.

मला तिच्या आईची आठवण झाली. रत्नागिरीकडच्या आमच्या आजोळी आजी धोंडस करायची. जून काकडी किसायची, तिच्या पाण्यात तांदळाचा जाड रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि जाड बुडाच्या पातेल्यात ते घालून चुलीवर चढवायचं. चुलीत मंद निखारे, आणि झाकणावरही निखारे. वरखाली विस्तव लावायची ही युक्ती कांबीवाल्या कंपन्यांना सापडायच्या कितीतरी आधी कोकणातल्या बायकांना येत होती. झाकण मध्ये उघडायची सोय नाही. उघडलं तर राख आत. त्यामुळे आजी वासावर चालायची. आधी नुसता ओला वास, मग गुळाचा, मग खोबऱ्याचा, आणि कडेचा खरपूस वास आला की चिमटा घेऊन उठायची. तोवर ती चुलीपुढे बसलेली असे, वाती वळत. आजी दिवसाउजेडी बसलेली मला आठवते ती फक्त धोंडसाच्या वेळी, आणि तेव्हाही तिच्या हातांना हे कळलेलं नसायचं. आई तेव्हा परसात पाणी शेंदत असायची.

आता ती काचेतून आत बघत होती आणि मला धावतं वर्णन ऐकवत होती. कडा सुटायला लागल्या. स्ट्रॉबेऱ्या बसल्या, रस सोडला त्यांनी. अंजिरं खंबीर आहेत. मधला भाग अजून डुचमळतोय. दालचिनीचा वास आल्यावर तिने मटार थांबवला. मग तुपाचा आला. माझा नवरा पेपर घेऊन आला, तोही उभ्या उभ्या काचेसमोर रेंगाळला, आणि कॉलेजात जाणारी लेक, जिला रविवारी दहाच्या आधी उठवायला पूर्वी शंख फुंकावा लागे, वासाच्या दोरीने ओढल्यासारखी येऊन आजीच्या खुर्चीच्या हातावर टेकली. चौघं जण एका पेटलेल्या डब्याकडे बघत होतो. कुणाला कुठे जायचं नव्हतं, कारण नाश्ताच तयार नव्हता. त्या वेळात मला कळलं की आईची एक मैत्रीण वारली आहे, लेकीला रसायनशास्त्र आवडत नाही, आणि नवऱ्याला अंजीर म्हटलं की लहानपणापासून फक्त सुकवलेली माळच डोळ्यांपुढे येते. या गोष्टी पोह्यांच्या सात मिनिटांत निघत नाहीत.

टिंग झालं. बाहेर काढून पुन्हा दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर वड्या मोडतात. हे आईला निव्वळ क्रौर्य वाटलं. मग नऊ वड्या पाडल्या. स्ट्रॉबेरीचा रस कडेला आटून तांबडा, चिकट झाला होता. अंजिराची साल सुरकुतली होती पण पोटातला मध तसाच, चमच्याने दाबला की बाहेर येणारा. चार बशा एकदम भरल्या. चारही वाफाळत्या.

आणि आई बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या पुढच्या काठावर, गाडी लागताच उतरायचं असल्यासारखी. पहिला घास खाल्ला. “पूजा न सांगता प्रसाद मिळाल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली; ही तक्रार होती की कौतुक ते तिलाही ठरवता आलं नसावं. मग पाणी आणायला उठली. पाणी टेबलावरच होतं. मग लिंबाचं गोड लोणचं आणायला उठली, आणि खरं सांगायचं तर ते त्याच्याबरोबर फार छान लागलं. मग सगळ्यांच्या बशांवरून नजर फिरवली. कुणाला काही नको होतं, कुणाचं काही थांबलेलं नव्हतं, सगळे तिच्याच वेगाने खात होते. “अजून काय देऊ?” असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या वडीनंतर ती खुर्चीत जरा मागे सरकली. पाठ टेकली. लेकीने तिच्या बशीतलं अंजीर पळवलं तरी तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि बराच वेळ विचारात पडल्यासारखी चमच्याने कडेचा खरपूस भाग खरवडत राहिली. मला वाटलं, आजोळची चूल दिसत असेल.

“चांगलं झालंय,” शेवटी ती म्हणाली. “पण पुढच्या वेळी एवढं एकदम नको लावू. आपल्याकडे त्या छोट्या स्टीलच्या वाट्या आहेत ना? एकेक करून लावू. म्हणजे तुम्ही बसा, आणि एक झाली की मी एकेकाला गरम गरम देईन.”