आधी शिवा, मग कापा

गोधडी शिवताना वेळ वाचवायचा, ही कल्पनाच आमच्या मोठीमायला पटत नाही. तिच्या मते गोधडी शिवतात ती मुळी वेळ घालवायलाच. धानाची रोवणी आटोपली, निंदण झालं, कापणीला अजून अवकाश आहे, अशा रिकाम्या दिवसांत पेटीतली जुनी लुगडी काढावीत, ओसरीवर पसरावीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खबरबात घेत धावदोरा घालत बसावं. तिच्या लेखी गोधडीत घाई करणारा म्हणजे मंडईच्या जत्रेत रात्री नाटकाला बसून पहिल्या अंकालाच घरी जाणारा.

आमच्या सौ.ला मात्र घाई होती, आणि तीही मंडईचीच. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटक रात्री उशिरा चढतं आणि पहाटेला उतरतं. वैनगंगेकडून येणारी थंडी तिकीट न काढता मांडवात शिरते. तेव्हा गोधडी तर हवीच, पण यंदा ती मोबाइलवर पाहिलेली, त्रिकोणांची हवी, असं ठरलं. ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. गणिताचा मास्तर म्हणून नेमणूक मात्र आपोआप झाली.

चौकोनी तुकड्यांचं काही नसतं. काठाला काठ लावा, शिवा, मोकळे व्हा. त्रिकोणाचं तसं नाही. त्याच्या दोन बाजू सरळ धाग्यावर असतात आणि तिसरी, सगळ्यात लांब, ती उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी. कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं. धाग्याच्या रेषेत ओढलं तर ते ऐकत नाही, तिरपं ओढलं तर हवं तेवढं लांबतं. मी एक जुनं सुती लुगडं तिरपं कापून त्याची कड दोन बोटांनी हळूच ओढून पाहिली, तर पट्टीवर सरळ असलेली कड बघता बघता लाटेसारखी झाली. असे दोन त्रिकोण एकमेकांना शिवले की चौकोन होत नाही, चौकोनाची तक्रार होते.

आता हिशेब बघा. पाच फूट रुंद आणि सहा फूट आठ इंच लांब गोधडी, चार इंची चौकोन, प्रत्येक चौकोनात दोन रंगांचे दोन त्रिकोण. म्हणजे तीनशे चौकोन आणि सहाशे त्रिकोण. सहाशे वेळा कापा, सहाशे उरेब कडा सांभाळा. मोठीमायने आकडा ऐकला आणि विचारलं, "नाटक कोन्त्या सालचं आहे गा?"

यावरची युक्ती मात्र अशी सोपी आहे, की ती आधी कुणाच्याच डोक्यात का आली नाही याचं नवल वाटतं. त्रिकोण लवकर शिवायचा असेल तर त्रिकोण कापायचाच नाही. दोन रंगांचे चौकोन तोंडाला तोंड लावून ठेवायचे, खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव पाव इंचावर शिलाई मारायची आणि मग रेघेवर कापायचं. उलगडलं की दोन तयार चौकोन हातात, आणि उरेब कड कापण्याआधीच शिलाईत अडकलेली. तिला लांबायला सवडच मिळत नाही.

मोठा चौकोन घेतला तर एका दमात आठ निघतात. दोन्ही तिरप्या रेघा ओढा, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना शिलाई मारा, मग उभं, आडवं आणि दोन्हीकडून तिरपं कापा. तीनशे चौकोनांना अडतीस जोड्या पुरतात, वर चार शिल्लक. आणि एक जोडी संपली म्हणून दोरा तोडायचा नाही. दुसरी लगेच मशीनखाली सारायची, तिसरी तिच्या मागे. मशीनमागे माळ लोंबते, ती शेवटी सुटी करायची. कापायलाही आता कात्री लागतेच असं नाही. जपानच्या ओल्फा कंपनीने 1979 मध्ये फिरत्या पात्याचा कटर काढला, त्याने कापडाचे चार-सहा थर एका फटक्यात कापले जातात. आमच्याकडे तो नाही. मोठीमायची कात्री आहे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात ती देत नाही.

माप काढायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या नोकरीभराच्या अपमानाची भरपाई झाली. दोन निघणाऱ्या पद्धतीत चार इंची तयार चौकोनाला कापड किती घ्यायचं? बाजूंच्या शिलाईसाठी अर्धा इंच माया. तिरप्या शिलाईत पाव इंच जातो, पण तिरपा, म्हणून त्याला दोनच्या वर्गमुळाने गुणायचं. सगळं मिळून 0.854 इंच. शिवणारी माणसं सोयीसाठी सात-अष्टमांश धरतात, म्हणजे मिस्तरीच्या भाषेत सात सूत. चार इंच सात सूत. आठ निघणाऱ्या पद्धतीत त्याच्या दुप्पट, पावणेदहा इंच. 'सर, वर्गमूळ दोनचा उपयोग काय?' असं विचारून वर्ग हसवणारी पोरं आता सापडली असती तर एकेकाला गोधडी पांघरली असती!

कापडाचा प्रश्न निवडणुकीने सोडवला. घरात प्रत्येक पक्षाचा एकेक दुपट्टा निघाला. सभा कुणाचीही असो, जेवण असेल तर माणसं जातात आणि गळ्यात घातलेलं परत मागायला कुणी येत नाही. कट्टर विरोधक तोंडाला तोंड लावून शिवले, मग कापले, आणि प्रत्येक चौकोनात निम्मे निम्मे बसले. नेत्यांच्या आघाड्या टिकत नाहीत, कारण ते आधी कापतात आणि मग जोडायला बसतात. सौ. म्हणाली, "दुपट्टे टेरिकॉटचे आहेत, ऊब येणार नाही." तेही खरंच.

वेळ वाचवायचं वावडं आमच्या सावली गावाला आहे असं कुणी समजू नये. हे खादीचं गाव. 1936 साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं तेव्हा गांधीजी स्वतः आले होते. आणि चरख्याच्या संथपणाबद्दल ज्यांचं नाव घेतात, त्यांच्याच चरखा संघाने 1929 मध्ये भराभर सूत काढणाऱ्या सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे लाख! ते कुणालाच मिळालं नाही.

त्रिकोणांच्या बाबतीत विदर्भाचा खरा मान करवतकाठी साडीचा. आमच्याकडच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा होतो, आणि नागपूर-भंडाऱ्याकडचे विणकर कोशाच्या साडीच्या काठावर करवतीचे दाते विणतात. काठ आणि अंग वेगळ्या रंगांचे, म्हणून तीन धोटे चालवावे लागतात, आणि प्रत्येक दात्यापाशी दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवत पुढे जायचं. तिथे कापणंच नाही, शिवणंही नाही, त्यामुळे युक्तीलाही जागा नाही.

मोठीमायने मात्र आमचा सगळा कारखाना एका वाक्यात बंद पाडला. "कापतस कायले गा? घडी कर." तिने चौकोनी तुकडा कोपऱ्यावर दुमडला, पुन्हा दुमडला, झाला त्रिकोण. मी तो उलटसुलट करून पाहिला. कापलेल्या कडा सगळ्या एका बाजूला, त्या शिलाईत गेल्या की दिसत नाहीत. बाकीच्या दोन बाजू घडीच्या, उसवायचा प्रश्न नाही. कडा सरळ धाग्याच्या, लांबायचा प्रश्न नाही. माप नाही, वर्गमूळ नाही, मास्तर तर नाहीच. असे कंगोरे बाळाच्या दुपट्याच्या काठाला ती कधीपासून लावत आली आहे. तिकडे कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या, घरात कोकणी बोलणाऱ्या सिद्दी बायाही आपल्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांना असे घडीचे त्रिकोण लावतात. त्यांना त्या 'फुला' म्हणतात. फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते.

मग तोड निघाली ती अशी. मधले त्रिकोण सौ.च्या पद्धतीने, काठाचे मोठीमायच्या पद्धतीने. भराभर झालंही सगळं. मी विजयी मुद्रेने वाचलेल्या वेळाचा हिशेब मांडत होतो, तेवढ्यात मोठीमायने खाली अस्तर आणि मधे लुगड्यांचे थर घालून गोधडी पसरली आणि म्हणाली, "आता शिवाले घे." अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या एकशेवीस ओळी, प्रत्येक ओळ सहा फूट आठ इंच. गुणाकार केला तर आठशे फूट भरले, तेही हाताने, थरातून सुई खाली-वर करत. याला काही युक्ती?

"आहे ना," ती म्हणाली. "माह्या डोऱ्याले दिसत नाही. तू सुईत दोरा ओवून देत जा."