पाचशे दोनचं वाबी-साबी

(रंगमंचावर एक स्टूल आणि मधोमध एक प्लॅस्टिकची बादली. अंधारात थेंबाचा आवाज: टप्. प्रकाश येतो. नट बादलीकडे बघतो, वर बघतो, मग प्रेक्षकांकडे.)

घाबरू नका, नाट्यगृह गळत नाहीये. म्हणजे गळत असेलही, पण हा आवाज आमच्या साउंडवाल्याचा आहे. बादली मात्र खरी. घरून आणलीये. आमच्या हॉलमध्ये ती चार वर्षं उभी आहे. पाहुणे तिला नावानं ओळखत नाहीत एवढंच.

मी राहतो डोंबिवली पूर्वेला, चारशे दोनमध्ये. माझ्या डोक्यावर पाचशे दोन. त्या गृहस्थांचं नाव मी घेत नाही. चार वर्षं मी त्यांना सांगतोय, "अहो, तुमच्याकडून पाणी येतंय." आणि चार वर्षं ते मला शांतपणे सांगतायत, "आमच्याकडे तर कोरडं आहे." अहो, तुमच्याकडे कोरडंच असणार! पाणी खाली येतं! न्यूटन काय फक्त सफरचंदापुरता होता का?

(टप्.)

हां. तर एक दिवस बायको म्हणाली, "इंटिरियर करून घेऊ या." आणि तिच्या मैत्रिणीची मैत्रीण घरी आली. डिझायनर. पायापासून डोक्यापर्यंत एकाच रंगात. तो रंग काय होता ते मला सांगता येणार नाही. पोळी भाजायला टाकायच्या आधी जशी असते ना, तसा.

ती म्हणाली, "सर, थीम काय ठेवू या?" मी म्हटलं, "घर." ती म्हणाली, "सो क्यूट. आपण एशियन करू." मी म्हटलं, "बाई, डोंबिवली कुठल्या खंडात आहे?" म्हणाली, "नाही सर, एशियन म्हणजे जपांडी."

जपांडी! ऐकल्या ऐकल्या माझ्या कानात वाईच्या आत्याचा आवाज आला. (चष्मा नाकावर ओढतो, मान किंचित हलती.) "जपांडी? कुठले म्हणायचे? कराडकडचे का?"

आत्या, अगं, माणसं नव्हेत ती. जपानी आणि स्कँडिनेव्हियन मिळून जपांडी. जपानी वरपक्ष आणि डेन्मार्कची मुलगी. लग्न झालं, आणि दोन्हीकडच्यांनी आहेरात फक्त रिकामी जागा दिली.

आमची आत्या आता नाही. पण मला कुणी नवीन काही दाखवायला लागलं की ती येतेच. जिवंत असताना तिचं एक वाक्य होतं. तुम्ही ताजमहाल दाखवा, मेट्रो दाखवा, आयफोन दाखवा. शांतपणे बघायची आणि म्हणायची, "मग त्यात काय विशेष?"

डिझायनर म्हणाली, "सर, दारात गेनकान करू. जपानमध्ये चपला काढायला खास जागा असते, एक पायरी खाली."

"चपला दाराबाहेर काढायच्या? मग त्यात काय विशेष?"

"आणि इथे तोकोनोमा. भिंतीत एक छोटी आत गेलेली जागा, त्यात एखादंच फूल, एखादंच चित्र."

"कोनाडा. आमच्याकडे सात होते. एकात तुझे काका तपकिरीची डबी लपवायचे."

"आणि लो सीटिंग, सर. सगळे जमिनीवर बसतील."

"बसतील रे. उठवायला जपानहून माणूस येणार का?"

पुढचं आलं बुद्धाचं मस्तक. दीड फुटी, राखाडी, नुसतं मस्तक. सगळ्या शोरूममध्ये असतं, तुम्ही बघितलंय. आत्यानं एकदा एका हॉटेलात ते बघून वेटरला विचारलं होतं, "बाकीचे कुठे आहेत?" वेटरला काही सुचेना. पण प्रश्न बरोबर होता हो. बँकॉकला विमानतळाच्या रस्त्यावर मोठमोठे फलकच लावलेत, बुद्ध ही शोभेची वस्तू नाही म्हणून. आमच्या ऑफिसातला माझा मित्र, त्याच्या घरी बुद्ध आहेत, पूर्ण आहेत, रोज वंदना असते. तो एकदा एका कलीगच्या नव्या फ्लॅटमध्ये आला, तिथे ते मस्तक होतं, आणि मस्तकावर कुणीतरी स्कूटरची किल्ली ठेवली होती. तो काही बोलला नाही. किल्ली उचलली, टीपॉयवर ठेवली आणि चहा घेतला. मी डिझायनरला म्हटलं, मस्तक नको. म्हणाली, "मग लाफिंग बुद्धा?" मी म्हटलं, ते वेगळे गृहस्थ. ते चीनचे भिक्षू, बुदाई, पोट सुटलेले, खांद्यावर झोळी. त्यांना मी ओळखतो. ते आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत.

(थांबतो. प्रेक्षकांत बघतो.) आलेत का? नाही ना? बरं.

मग तिनं बॅगेतून एक वाडगा काढला. फुटलेला, सोन्याच्या रेघांनी जोडलेला. "किंत्सुगी, सर. तुटलेलं लपवायचं नाही, मिरवायचं." आत्या म्हणाली, "एमसील." म्हटलं, आत्या, तसं नाही, उरुशी नावाच्या झाडाचा चीक असतो, त्यानं जोडतात, वर सोन्याची पूड. कच्चा चीक हाताला लागला की अंग उततं. "म्हणजे बिब्बा." आणि खरं सांगू? मी शोधून बघितलं. उरुशी, बिब्बा, काजू, आंबा, सगळी एकाच कुळातली झाडं! सातवी शिकलेली बाई, वाईच्या धोबीघाटावर बिब्ब्याच्या खुणा केलेले पंचे बघून मोठी झालेली, जपानी कारागिराच्या हाताला पुरळ का येतं ते बसल्याजागी सांगते. आणि आम्ही बीएस्सी.

(स्टूलवर बसतो.)

तर आता रंग. डिझायनरनं शेडकार्ड उघडलं. बावीस रंग. बावीसही पांढरे. त्यातला एक जरा राखाडीकडे झुकणारा होता, त्याचं इंग्रजी नाव मराठीत सांगतो, खरं आहे, मी बनवत नाहीये: हत्तीचा श्वास. विलायतेच्या एका पेंट कंपनीचा आहे. अरे, हत्तीच्या श्वासाला रंग असतो हे ठरवायला कोण गेलं होतं जवळ?

आपल्याकडे रंगांची नावं ऐकलीत कधी? लुगड्याच्या दुकानात बसा. आमसुली. श्रीखंडी. कोनफळी. वांगी. डाळिंबी. गुलबक्षी. शेवाळी. मोरपंखी. चिंतामणी. राणी. दुकानदार नुसती नावं घेत असतो आणि आपल्याला भूक लागते. आणि अबोली! एक रंग आहे, त्याचं नावच "न बोलणारी". त्यांनी हत्तीच्या नाकाशी बसून एक रंग काढला. आपण एका गप्प फुलावरून काढला. नवरात्रात सकाळी सात बावीसच्या लोकलचा लेडीज डबा बघा. एशियन इंटिरियर म्हणजे तो! नऊ दिवस, नऊ भिंती, शिवाय हलत्या.

मी म्हटलं, "बाई, पण एशियन म्हणजे रंग हवेत ना?" तर ती मला म्हणते, "नो सर, एशिया इज काम." काम म्हणजे शांत? बीजिंगच्या राजवाड्याच्या भिंती लाल आणि छप्पर पिवळं. कोरियातल्या देवळांच्या तुळया बघा, हिरव्या, निळ्या, लाल, इंचभर लाकूड सोडलेलं नाही. मदुराईचं गोपुर? आणि खुद्द जपानमध्ये निक्कोला तोशोगू म्हणून देवस्थान आहे, सोनं, शेंदरी, हिरवं, नुसती दिवाळी. आपल्याला आपली वाटणारी ती तीन माकडं, वाईट बघू नका, ऐकू नका, बोलू नका, ती तिथल्याच तबेल्यावर कोरलेली आहेत.

मग हे बेजचं, म्हणजे त्या कच्च्या पोळीच्या रंगाचं, खूळ आलं कुठून? मला एक माणूस सापडला. ब्रूनो टाउट. जर्मन आर्किटेक्ट. १९३३ साली जपानला गेला. क्योटोचा कात्सुरा महाल बघितला, साधा, शांत, लाकडी, आणि डोळ्यांत पाणी आणलं. मग निक्को बघितलं आणि नाक मुरडलं. भडक म्हणे! आणि गंमत ऐका. हाच माणूस बर्लिनमध्ये कामगारांच्या वसाहती बांधायचा, आणि त्यांना रंग कुठले द्यायचा? लाल! निळा! पिवळा! म्हणजे आपल्या घरी गुलाल उधळायचा आणि दुसऱ्याकडे जाऊन सांगायचं, तुम्ही साधेच छान दिसता. हे आमच्या सासूबाईंचं धोरण आहे.

(घाईनं) त्या शनिवारच्या प्रयोगाला येणार आहेत. हे तेव्हा कापू.

आणि त्याच १९३३ साली तानिझाकी. फार मोठा जपानी लेखक. सावलीचं, अंधाराचं कौतुक करणारा निबंध लिहिला त्यानं. जगभरच्या डिझायनरांची पोथी. सुरुवातीलाच जुन्या धाटणीच्या घरात विजेच्या वायरी कुठे लपवायच्या म्हणून वैतागलाय, आणि थोड्याच वेळात गाडी संडासावर. जुने जपानी संडास घरापासून जरा दूर, झाडीत, अंधारात, किती काव्यमय म्हणून. (आत्या) "आमचा परसाच्या टोकाला होता. पावसात कंदील घेऊन जा म्हणावं, मग काव्य सांग." पण त्याच्या बायकोनं सांगितलेली गोष्ट ऐका. तानिझाकीला नवं घर बांधायचं होतं. आर्किटेक्ट आला, म्हणाला, साहेब, मी आपला निबंध वाचलाय, आपल्याला काय हवंय ते मला बरोबर माहितीये. तानिझाकी म्हणाला, छे छे, तसल्या घरात मला राहता यायचं नाही!

(टाळीची वाट बघतो. मिळाली तर घेतो.)

आणि रंगाचंच म्हणाल, तर वाईला आत्याचं स्वयंपाकघर निळं होतं. दर दिवाळीला चुना. बादलीत चुना भिजवायचा, थोडा डिंक, आणि निळीची पुरचुंडी सोडायची. चमचाभर निळीनं चुना पांढरा दिसतो, त्यासाठीच घालतात. मी सुट्टीत जायचो, ढवळायचं काम माझं. आत्या दारात उभी. "अजून घाल." घातली. "अजून. फिकी दिसतीये." पुढच्या वर्षी अजून. त्याच्या पुढच्या वर्षी अजून. शेवटी शेवटी ते स्वयंपाकघर म्हणजे शाईची दौत झालं होतं. भाकरीसुद्धा आकाशी दिसायची. घरात कुणी काही बोललं नाही. म्हातारीला आवडतंय, असू दे.

मग साताऱ्याला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, घरी आणलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली आणि थबकली.

"अगंबाई! कुणी केलं हे?"

"तूच."

"आणि तुम्ही मला करू दिलंत?"

डॉक्टर म्हणाले, वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग तेच खाऊन टाकतं. म्हणजे बारा वर्षं ती बाई दर दिवाळीला, डोळ्यातून निसटत चाललेला एक रंग भिंतीवर वाढवत होती. तिला वाटायचं भिंत फिकी पडतीये.

पाटावर बसली. बराच वेळ बघत राहिली. मग भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाला चुना आला, तो उजेडात धरून बघितला. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, मग त्यात काय विशेष. नाही म्हणाली. म्हणाली, "एवढा निळा असतो होय निळा."

त्यानंतर त्या भिंतीला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. ते घर आता नाही. चार मजली बिल्डिंग झालीये. बाहेरून...

(टप्.)

...बेज. बघा, पाचशे दोनला भावनाप्रधान प्रसंग बरोबर कळतो!

(उठतो.) तर डिझायनर शेडकार्ड घेऊन हॉलच्या कोपऱ्याकडे गेली. जिथे ओल आहे. छतापासून कमरेपर्यंत. मधे पोपडे, कडेला पिवळट नक्षी, खाली थोडं शेवाळ. मी म्हटलं झालं, आता अब्रू गेली. ती थांबली. हात लावला. आवाज खाली आला. "सर... हे कुणी केलं?"

"का?"

"हे वाबी-साबी आहे, सर! अपूर्णतेतलं सौंदर्य. काळाचा स्पर्श. हे टेक्स्चर मला तीन वर्षं जमत नाहीये. किती लेयर्स आहेत?"

"चार पावसाळे."

"नैसर्गिक मटेरियल?"

"पूर्ण नैसर्गिक. थोडं नैसर्गिक, थोडं बाथरूमचं."

"आर्टिस्ट कोण?"

"पाचशे दोन."

"वॉव. इन्स्टावर आहेत?"

"सोसायटीच्या ग्रुपवर आहेत. मला ब्लॉक केलंय."

म्हणाली, "सर, याचे मी अडीचशे रुपये स्क्वेअर फूट घेते." मी हिशेब केला. दहा फूट बाय नऊ. नव्वद गुणिले अडीचशे. साडेबावीस हजार! म्हणजे त्या देवमाणसानं साडेबावीस हजारांचं काम मला फुकट करून दिलं, आणि मी त्याला वार्षिक सभेत पाणीचोर म्हणालो. चोर? तो तर पाणी देत होता!

त्या रात्री मी पेढे घेऊन वर जाणार होतो. पण बायकोनं विचारलं, "भिंतीचं काय ठरलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "निळी." डिझायनर गेली. रंगारी आला. डबा उघडला, रंग बघितला, माझ्याकडे बघितलं. "सर, हॉलमध्ये?" हो. "चारी भिंती?" हो. "रीसेलला त्रास होतो, सर." अरे, चाळीस वर्षांचं कर्ज फेडायला मी अजून राहतोय इथे, आणि हा माझं घर पुढच्या माणसासाठी रंगवतोय! पहिला हात झाला. मी दारात उभा. म्हटलं, "अजून घाल. फिकी दिसतीये." आणि लगेच डोळे तपासायची अपॉइंटमेंट घेतली.

परवा रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात पाचशे दोन. बनियनवर, हातात मोबाइल. चार वर्षांत पहिल्यांदा स्वतः खाली आले. म्हणाले, "कपाट हलवलं. मागे बघा काय आहे." फोटो. छतापासून कमरेपर्यंत. पोपडे, पिवळट नक्षी, शेवाळ. तीच ओल! त्यांच्या कपाटामागून उतरून माझ्याकडे येत होती. पाणी सहाशे दोनचं! मी चार वर्षं चुकीच्या माणसाचा द्वेष केला. आणि फार मनापासून केला हो.

रडवेले होऊन म्हणाले, "सहाशे दोनवाल्यांना सांगायला गेलो, तर म्हणतात..."

मी म्हटलं, "त्यांच्याकडे कोरडं आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

(नट बादली उचलतो, दोन्ही हातांनी, आहेर द्यावा तशी पुढे करतो. चष्मा नाकावर ओढतो. मान किंचित हलती.)

"मग त्यात काय विशेष?"

(टप्. अंधार.)