खाडा

इन्शुलिनच्या नव्या पेनांना आठवण असते. पाठीमागची चकती फिरवली की टकटक करत एकेक युनिट पुढे सरकतं, बटण दाबलं की आतला दट्ट्या तेवढाच खाली उतरतो, आणि या दोन हालचालींच्या मध्ये कुठेतरी बसलेला एक इवलासा सेन्सर चकती किती फिरली ते मोजतो, शेजारच्या घड्याळाला वेळ विचारतो आणि दोन्ही गोष्टी निमूटपणे टिपून ठेवतो. 2007 साली आलेल्या ‘हुमापेन मेमॉयर’ला शेवटचे 16 डोस आठवायचे. ‘नोव्होपेन 6’ला 800 आठवतात. बॅटरी संपली, तरी असली पेनं इंजेक्शन देत राहतात. फक्त त्यांना काही आठवेनासं होतं, आणि मग नवं पेन घ्यावं लागतं. माणसांच्या बाबतीत आपण याहून जरा जास्त धीर धरतो, निदान तसं म्हणायचा प्रघात आहे.

ही आठवण चैनीची नाही. रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसून, पोटाच्या त्याच घडीच्या आसपास सुई टोचणाऱ्या माणसाला पाच मिनिटांनी हमखास प्रश्न पडतो, की आत्ता टोचली ती आजची की कालची? न घेता घेतली असं समजावं तर साखर चढते, घेऊन पुन्हा घ्यावी तर ती अशी घसरते की हातपाय कापू लागतात. पूर्वी या प्रश्नाचं उत्तर घरातली माणसं देत. रत्नागिरीला आत्याच्या घरी सुट्टीत जायचो तेव्हा तिच्या सासूबाई, माई, इन्शुलिन घेत. काका एका छोट्या पातेल्यात काचेची सिरिंज आणि सुई उकळत. त्या पातेल्यात चुकूनसुद्धा कुणी चहा टाकत नसे. देवघरातल्या भांड्यांनासुद्धा एवढं सोवळं नव्हतं. इंजेक्शन झालं की काका स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात निळ्या पेनाने टिंब देत. त्याच चौकोनात आत्या दुधाचा हिशेब मांडायची, अर्धा लिटर जास्त, आज खाडा. एका महिन्यात दुधाचा खाडा माईंच्या खाती पडला आणि सगळं घर त्यांच्याभोवती गोळा झालं. कपाळाला हात लावून पाहिला, जीभ पाहिली, शेजारच्या वहिनीसुद्धा येऊन गेल्या. माई अगदी ठणठणीत होत्या. पण त्या संध्याकाळभर त्यांनी आपल्याला बरं नसल्यासारखा चेहरा ठेवला होता, तो का, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता आत्या माईंच्या तेव्हाच्या वयाची आहे, त्याच घरात एकटी राहते आणि जेवणाआधी इन्शुलिन घेते. आतेभाऊ टोरांटोला असतो. गंमत पाहा, हे औषध सापडलं तेच मुळी तिथे. 1921च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी तिथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत खटपट सुरू केली, आणि 1922च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या हाडकुळ्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते नीटसं लागू पडलं नाही, अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. त्यांच्या सोबतच्या कॉलिपने तो शुद्ध केला आणि बाराच दिवसांनी दिलेल्या दुसऱ्या इंजेक्शनने पोराची साखर उतरली. शंभरेक वर्षांनंतर त्याच शहरातून आत्याला फोन यायचा, “आई, घेतलंस का गं?” रत्नागिरीत रात्रीचे आठ, म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेदहा. बिचारा मीटिंगमधून उठून विचारायचा.

तेवढ्यासाठीच गेल्या खेपेला त्याने हे आठवणीचं पेन आणलं. डोस घेतला की पेन फोनला सांगतं, आणि फोन टोरांटोला कळवतो. डोस वेळेत दिसला नाही, तर अर्ध्या तासाने त्याच्या फोनवर सूचना वाजते. पहिले काही दिवस आत्याला अवघडल्यासारखं झालं. भिशीत भेळ-कचोरी हाणून आल्यावर ती रात्री जेवायचीच नाही, आणि जेवण नाही तर जेवणाचं इन्शुलिनही नाही, हे तिच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं. पण हे पेनाला कोण सांगणार? फोन यायचा, मग भेळ निघायची, मग कचोरी निघायची. तेव्हा आत्याने शोध लावला, की या पेनाची हुशारी गावाकडच्या पोस्टमास्तरसारखी आहे: पत्र इथून किती वाजता निघालं ते चोख सांगेल, पोचलं की नाही याची हमी नाही. दट्ट्या हलला एवढंच सेन्सरला कळतं. सुईच्या पुढे पोट आहे की मोरी, ते कळत नाही. भिशीच्या रात्री ती मोरीला आठ युनिट देऊ लागली. “मोरीचीच साखर आता ताब्यात आहे बघ,” असं मला तिने गंभीरपणे सांगितलं.

पण मोरी ही काही खरी अडचण नव्हती. पेन आलं, डोस वेळेवर दिसू लागले, आणि आठचा फोन बंद झाला. सगळं ठीक आहे हे आधीच कळल्यावर विचारायचं काय? आतेभाऊ रविवारी बोलायचा, भरभरून बोलायचा, पण रोजचं ते “घेतलंस का गं” आणि त्याच्या शेपटीला लागून येणारं “भाजी काय केलीस, पाऊस आहे का, दारातला फणस उतरवला का” हे सगळं त्या सेन्सरने एका झटक्यात वाचवलं. तंत्रज्ञान वेळ वाचवतं ते असं, नको तिथला आणि हवा तिथलाही.

मग अलीकडे आत्याला उशीर होऊ लागला. ताट वाढलेलं, पेन शेजारी, सुई लावून तयार, आणि ती आपली मालिका बघत बसलेली. मी एकदा तिथे होतो. साडेआठला फोन वाजला. “हो रे, घेतेच आहे. कुळथाचं पिठलं. नाही, पाऊस नाही, नुसता गारठा. तू काही खाल्लंस का?” बोलता बोलता तिने चकती फिरवली, टोचली, मनातल्या मनात दहा मोजले आणि सुई काढली, फोन खांद्यावरून हलला नाही. पिठलं गार झालं होतं, ते तिने परत गरम केलं.

आतेभावाला वाटतं, ॲप जरा जास्तच घाबरट आहे. म्हणून परवा त्याने सूचनेची मुदत अर्ध्या तासावरून पाऊण तासावर नेली. आत्याने जेवण पंधरा मिनिटं पुढे ढकललं.